झोपमोड

भर दुपारी शेजारच्या भिंतीवर हातोडी बसू लागली आणि मृणाल अनवाणीच बाहेर धावली. रिसाली वस्तीतल्या त्या गल्लीत आलेला नवा भाडेकरू खिडकीत कूलर बसवत होता. उंच, सावळा, दातांत खिळा धरलेला.

"अक्कल गहाण ठेवली काय? नाइट शिफ्टचा माणूस झोपून आहे घरात! माणसं आहा का जनावरं?"

बिचाऱ्याला तोंडातला खिळा काढायचीही सवड मिळाली नाही. तिने त्याला असं काही फैलावर घेतलं, की हातोडी लपवायला तो जागा शोधू लागला.

"माफ करा जी... मी रेल्वेत, मालगाडीवर आहो. रातपाळीची झोप काय असते, मले माहीत आहे. चुकलंच माझं."

त्याची शरम खरी होती. मृणाल फणकाऱ्याने आत आली, सवयीने बाबांच्या खोलीचं दार हलकेच लोटलं... आणि मग तिला आठवलं. पलंगावर कोणी नव्हतं. बाबा, मारोतराव, गेल्या दिवाळीच्या आधीच गेले होते.

आई तर ती लहान असतानाच गेलेली. तेव्हापासून पोलादाच्या प्लांटमधून सकाळी परतलेल्या बाबांची झोप राखणं हे तिचं काम. कुकर लावायचा नाही, टीव्ही लावायचा नाही, आणि फेरीवाला ओरडला की त्याच्यावर तुटून पडायचं. पाळीवाल्यांच्या घरात पोरं हेच शिकत मोठी होतात. आता राखायला झोप नव्हती, राग तेवढा उरला होता. पलंगाच्या कडेला बसून ती पोटभर रडली.

लगेच जाऊन खरं सांगायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिने खिडकीतून पाहिलं – धनंजय, हे त्याचं नाव, मोटारसायकल कोपऱ्यावरच बंद करून हाताने ढकलत आणत होता. भंगारवाल्यालाही त्याने ओठांवर बोट ठेवून पुढे पिटाळलं. मृणालच्या मनात आलं, हा जोवर गप्प आहे, तोवर बाबा आत झोपलेलेच आहेत. एवढंसं सुख तिच्याने सोडवेना. त्याची स्वतःची ड्युटी आडवेळेची, त्यामुळे रात्री कोण घराबाहेर पडतं हे त्याला कळायचं कारण नव्हतं.

मग कुंपणाशी बोलणं होऊ लागलं, तेही कुजबुजत.

"राग आला ना, की तुमच्या नाकाचा शेंडा लाल होते."

"पुन्हा पाहाचा आहे काय?"

"रोज दाखवा ना... पण हळू. काका उठतीन."

तिला हसू आलं. इतक्या महिन्यांत तिच्याशी असं हळुवार कोणीच बोललं नव्हतं. पण खरं सांगितलं तर हा खोटारडी म्हणून पाठ फिरवेल. आणि संध्याकाळी दार लावून घेतलं की ते घर तिला खायला उठायचं.

जूनमधल्या एका दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला.

"आज काका उठतपर्यंत बसतो. त्यांच्याशी बोलाचं आहे."

"कायच्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल..." तो खाली पाहत म्हणाला, "आमच्याकडे आधी मोठ्याइले विचारतात."

मृणाल मागे वळली. तिने बाबांच्या खोलीचं दार सताड उघडलं. नीट अंथरलेला पलंग, आणि भिंतीवर हार घातलेला मारोतरावांचा फोटो.

"बाबा दिवाळीच्या आधीच गेले. त्या दिवशी मी... विसरून गेली होती. तुमच्यावर उगाच ओरडली. मग तुम्ही एवढं जपून राहिले होते, तर मले सांगवलंच नाही." ती त्याच्याकडे वळली. "आता तुम्ही ओरडा. पाहिजे तेवढं ओरडा माझ्यावर."

तो ओरडला नाही. चपला बाहेर काढून आत आला, फोटोला नमस्कार केला आणि तिच्याकडे पाहिलं.

"मग आता... मी कोणाले विचारू?"

मृणालने ओढणीने डोळे पुसले.

"घरात मी एकटीच आहो," ती म्हणाली. "मलेच विचारा."