खाली कोण?

या मंडळी, जरा जवळ सरका. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्यावर, पण घडलं ते अगदी खरं आहे.

बुधवार होता. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन, नाट्यगृहात मिट्ट काळोख.

थोरली संगणकापाशी बसली होती. तिचे वडील, आप्पा, तीस वर्षं रंगमंचाच्या माळ्यावरून दोरांनी देखावे सोडायचे. सोडण्याआधी तीनदा विचारायचे, "खाली कोण?" तिन्ही वेळा उत्तर नाही आलं, तरच दोर सुटायचा.

गेल्या साली दोर गेले, संगणकावर चालणाऱ्या मोटारी आल्या. बसवल्या थोरलीनेच. दोर उतरवताना लोखंडी वजन आप्पांच्या छातीवर आदळलं...

जागच्या जागी गेले.

मोटारी कुणाला विचारत नाहीत. त्यासाठी किरणांचा पहारा होता. खाली माणूस असला की देखावा थांबायचा. पण नाटकातल्या लढाईच्या धुरालाही तो माणूस समजे. वैतागून थोरलीने तालमीपुरता पहारा बंद ठेवला.

धाकटा भाऊ सुतार. रंगमंचावरच्या धुरातून ओरडला, "ताई, एक खिळा राहिलाय."

"आवर. नाहीतर तुलाच ठोकीन त्या जागी."

हातोडी थांबली. निघाला असेल, म्हणून तिने कळ दाबली. चारशे किलोंचं किल्ल्याचं दार खाली निघालं.

...ठक. ठक.

हातोडी पुन्हा सुरू झाली होती.

तिने लाल बटण ठोकलं. मोटारी बंद पडल्या, दार मात्र घसरतच गेलं. हाडं मोडल्याचा आवाज आला.

मग दार अडलं. भावाच्या पाठीवर.

वरून, रिकाम्या माळ्यातून...

"खाली कोण?"

भावाच्या तोंडात रक्त. थोरली नुसतं लाल बटण दाबत राहिली.

"खाली कोण?"

आता एकदाच विचारणार, मग सोडणार. तिला पोटातून ठाऊक होतं.

"खाली को..."

"आप्पा, आपला धाकटा आहे हो."

दार हिसक्यासरशी वर गेलं, छताला धडकलं. एक तार तुटून आली आणि थोरलीचा गाल कानापर्यंत फाडून गेली.

भाऊ वाचला. चार बरगड्या मोडल्या.

माळ्यावर कुणी नव्हतं. पोलादी तारांना तळहातांची सोललेली कातडी चिकटली होती... ओली.

कुणाची, ते आजवर कळलं नाही. थोरली अजून त्या माळ्यावर चढत नाही.

देवापुढे हात जोडाल, तेव्हा मंडळी, आप्पांची आठवण ठेवा. त्यांच्या हातांना आता विसावा मिळू दे.