चारच शीलं म्हणणारा

आषाढी पौर्णिमेला मी शाळेतून थेट आमच्या नौबादच्या बुद्धविहारात गेले. उशीर झाला होता, त्यामुळे अगदी मागे, पुरुषांच्या रांगेला लागून जागा मिळाली. बाहेर पावसाची रिपरिप, दाराशी ओल्या चपलांचा ढीग, आणि आत सगळे एका सुरात पंचशील म्हणत होते. शेजारच्या रांगेतला एक उंच माणूस चार शीलं खणखणीत आवाजात म्हणाला… आणि पाचव्याला गप्प झाला. ओठ मिटून, मान खाली घालून. पाचवं शील म्हणजे दारूपासून दूर राहण्याचं.

मी भालकीच्या शाळेत पीटी टीचर आहे. शंभर मुलींच्या कवायतीत कोण हात वर करत नाही ते मला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं. त्यामुळे हे माझ्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं आणि दिसल्यावर गप्प बसणं तर माझ्या स्वभावातच नाही. खीर वाटायला सुरुवात झाली तशी मी द्रोण घेऊन सरळ त्याच्यासमोर उभी राहिले.

"पाचवं विसरलात व्हय?"

तो दचकला. मग हसला. डोळ्यांनी आधी, ओठांनी नंतर.

"न्हाई. पाठ हाय."

"मग?"

"प्यायचो तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचो. आता सोडलीय, तर… लाज वाटायलीय. वर्ष भरलं की म्हणीन."

"किती दिवस झाले?"

"एकशे बावन्न."

"रोज मोजता?"

"तुम्ही न्हाई का मोजत, पोरी किती उठाबशा काढायल्यात ते?"

"मी टीचर आहे हे कुणी सांगितलं?"

"गळ्यात शिट्टी हाय की, मॅडम."

मी शिट्टी घाईघाईनं पदराखाली लपवली. त्याचं नाव रत्नपाल. नौबादच्या चौकात मोटार वाइंडिंगचं दुकान त्याचंच, तांब्याच्या तारांची वेटोळी बाहेर टांगलेलं. भालकीच्या बसमधून मी ते रोज बघत होते, आणि आत बसणाऱ्या माणसाकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. स्वतःचाच राग आला मला.

"एकट्यानं सोडली?" मी विचारलं.

"एकट्यानं कुणाला सुटतीय? पहाटे सव्वापाचला चौकात बघा, म्हंजे कळंल."

बघा म्हणाला होता. मी बघायला गेले ती सायकल घेऊनच.

चौकात चार सायकली आणि चार माणसं. सगळ्यांत थोरले व्यंकटअण्णा. एकेकाळी कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर होते, आता नऊ वर्षं थेंबाला शिवलेले नाहीत. त्यांचा नियम एकच. सव्वापाचला जो आला नाही, त्याच्या दारात बाकीच्यांनी जायचं आणि तो बाहेर येईपर्यंत सायकलच्या घंट्या वाजवायच्या. शेजारीपाजारी उठले तरी चालेल. सगळी गल्ली त्यांना घंटी गँग म्हणायची.

"टीचरबाई, आमच्यात पिऊन सोडलेलेच घेतो आम्ही," अण्णा म्हणाले.

"मग मी चहा सोडते. आजपासून."

"चहा सोडणं अवघड हाय वो," मागून रत्नपाल म्हणाला. "झेपंल का बघा."

मी त्याच्याकडे न बघता पेडल मारलं. चढावरच्या जुन्या किल्ल्यापर्यंत पहिली पोचले. अर्थात, शेवटच्या चढाला त्यानं मुद्दाम वेग कमी केला होता, हे मला चांगलंच कळलं होतं.

त्या दिवसापासून मी घंटी गँगमध्ये. किल्ल्याच्या भिंतीशी सायकली लावायच्या, मी सगळ्यांकडून व्यायाम करून घ्यायचा, आणि मग कट्ट्यावर बसून त्यांच्या गप्पा. कालची संध्याकाळ कुणाला जड गेली, कुणाचा हात थरथरला, कुणाला जुन्या दोस्तानं अडवलं… सगळं उघड्यावर. हसत सांगायचे, पण कुणी कुणाला हसायचं नाही. रत्नपाल रुमालात भिजवलेले शेंगदाणे आणायचा. सगळ्यांना मूठ मूठ वाटायचा, आणि माझी मूठ कशी कोण जाणे, नेहमी सांडेपर्यंत भरायची.

"पहाटे कामून येता एवढ्या?" मी एकदा विचारलं.

"पहाटे चढ चढायचा हाय म्हटलं की रातच्याला प्यायचा जीव होत न्हाई," तो म्हणाला. मग शेंगदाण्याची सालं फुंकत हळूच, "आता तर आणखी एक कारण हाय."

"कोणतं?"

"पीटी टीचर शिट्टी मारती, ते."

असं बोलून हा माणूस सायकलवर बसून पुढे निघून जायचा! आणि मी मागे, गाल गरम, घंटी वाजवत. मला तो आवडला होता. आडवळणानं कशाला सांगू? त्याचे तारा वळून वळून खरबरीत झालेले हात आवडले, चढाला दम लागल्यावर त्याचं न बोलणं आवडलं, आणि खरं बोलताना त्याच्या आवाजात जो एक अडखळा यायचा तो तर फारच.

अडचण होती ती अप्पांची. माझे अप्पा, पिराजी, भालकी डेपोत कंट्रोलर होते. ड्यूटी देण्याआधी ड्रायव्हरला समोर उभं करून त्याच्या तोंडाचा वास घ्यायचे. आदल्या दिवशीची सुद्धा ओळखायचे. पण घरच्या जावयापुढे त्यांचं नाक फसलं. अक्काला बघायला आला तेव्हा तो लवंगा चघळत होता. चार वर्षांनी अक्का लेकराला घेऊन परत आली ती कायमची. त्या दिवसापासून अप्पांनी ठरवलं होतं, धाकटीला पिणारा नको. पिऊन सोडलेलाही नको. मी रत्नपालबद्दल घरी सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर खाली न घेता एवढंच म्हटलं, "सोडलेला माणूस म्हंजे ब्रेक दुरुस्त केलेली गाडी. घाटात काय करंल, सांगता येत न्हाई."

रत्नपालला मी हे जसंच्या तसं सांगितलं.

"आठ फेब्रुवारीला माझं वर्ष भरतंय," तो म्हणाला. "त्या दिवशी पाचवं शील म्हणीन. आणि तसाच तुमच्या घरी येईन… अप्पाला विचारायला. येऊ का?"

"या की," मी म्हटलं.

घरी येऊन मी कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला. रोज एक दिवस खोडायला लागले. दिवाळी गेली, तुरीच्या शेंगा आल्या, पहाटे तोंडातून वाफ निघायला लागली. शेवटचे वीस दिवस राहिले. मग सतरा.

त्या सोमवारी तो चौकात सगळ्यांत आधी येऊन थांबला होता. सायकलवर बसला नव्हता, धरून उभा होता. आम्ही सगळे जमल्यावर म्हणाला, "माझा आज पहिला दिवस हाय."

क्षणभर मला कळलंच नाही. मग कळलं.

आदल्या दिवशी कडगंचीला चुलतभावाचं लग्न होतं. जेवणाच्या वेळी मांडवामागे बैठक बसली, कुणीतरी हातात ग्लास दिला. एका ग्लासानं काय होतंय, म्हणाले. एक घेतला. दुसरा अर्धा झाला तेव्हा त्यानं तो खाली ठेवला आणि व्यंकटअण्णांना फोन लावला. अण्णा मोटारसायकलवर तीन तासांचा रस्ता कापून कडगंचीला गेले, त्याला मागे बसवलं आणि घरी आणलं. रस्त्यात एक शब्द विचारला नाही.

"चल, सायकल काढ," अण्णा आता म्हणाले. "मधी राहा. पहिल्या दिवसाच्या माणसाला आम्ही मधी ठेवतो."

बाकीचे तिघंही त्याच्याभोवती सरकले. मला मात्र राहवलं नाही. "सतरा दिवस राहिले होते," मी म्हणाले. "सतरा!" आणि सायकल वळवून घरी आले.

त्या दिवशी दहावीच्या मुलींना मी मैदानाला सहा फेऱ्या मारायला लावल्या. पवित्रा नावाची एक आगाऊ पोरगी धापा टाकत म्हणाली, "टीचर, राग दुसऱ्या कुणावर हाय ना? मग पळवायलात आम्हाला कामून?" सगळ्या हसल्या. मी त्यांना बसवलं आणि स्वतः एकटीच पळत सुटले. तिसऱ्या फेरीला डोळे भरून आले, पाचव्या फेरीला कोरडे झाले. आणि मला त्याच्यापेक्षा माझाच जास्त राग यायला लागला.

संध्याकाळी घरी आले तर दारात त्याची सायकल. तो अप्पांच्या समोर खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. आत स्वयंपाकघरात आईचा मिक्सर घरघरत होता, शेंगदाण्याची चटणी चालली होती.

"मला कामून सांगायलास हे?" अप्पा त्याला विचारत होते. "मी तुझा कोण?"

"आज कोणी न्हाई. पण पुढच्या महिन्यात वर्ष भरलं की पाचवं शील म्हणणार होतो आणि तुमच्याकडं येणार होतो. आता येऊ शकत न्हाई, ते का, एवढं सांगायला आलो."

अप्पांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. सवयीनं थोडे पुढेही वाकले.

"वास येत न्हाई," ते म्हणाले. "सांगितलं नसतंस तर मला जन्मात कळलं नसतं."

"व्हय. म्हणून तर सांगायला आलो."

अप्पा मागे टेकले. अक्का दाराआड उभी होती, तिच्याकडे त्यांनी एकदा बघितलं. "तो लवंग खाऊन आला होता माझ्यासमोर," ते म्हणाले. "तू तोंड उघडून आलास. आणि ते पाचवं शील तू वर्षभर ठेवून कामून दिलंस रे? शील म्हंजे परीक्षेचं सर्टिफिकेट हाय व्हय, पास झाल्यावर घ्यायचं? रोज म्हणायचं असतंय ते. पडलेल्यानं तर आधी म्हणायचं." मग उठून चप्पल घालत म्हणाले, "माझं बोलून झालं. बाकीचं पोरीला विचार." आणि अंगणात जाऊन उगाच झाडांना पाणी घालायला लागले.

रत्नपाल उभा राहिला. माझ्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

"मला आणखी एक वर्ष लागंल," तो म्हणाला. "तोवर थांबा असं मी… न्हाई म्हणणार. तेवढे उपकार मागायला तोंड…"

"बसा खाली." मी शाळेत बोलते तसं बोलले. तो बसला. "मी काय शर्यतीच्या शेवटी टेबलावर ठेवलेली बक्षिसाची ढाल हाय व्हय?"

"न्हाई… मी असं कुठं…"

"तुम्ही न्हाई, मीच. मीच कॅलेंडरवर गोल करून तिथं जाऊन उभी राहिले. आठ तारखेला तुम्ही पोचला असतात, मी मिळाले असते, मग नऊ तारखेला काय? कशासाठी उठला असतात पहाटे? मला शेवटाला उभं राहायचं न्हाई. मला बरोबर यायचंय. तुमची सायकल आहे, माझी आहे."

मिक्सरच्या घरघरीत मला ओरडून बोलावं लागत होतं. तो थोडा पुढे वाकून ऐकत होता.

"आणि मी पुन्हा घसरलो तर?" त्यानं विचारलं. हा प्रश्न त्याला विचारायचा नव्हता, दिसत होतं. तरी विचारला.

"तर आज आलात तसं येऊन सांगायचं. ज्या दिवशी लपवाल, त्या दिवशी मी जाईन. मागं वळून बघणार न्हाई. अक्काएवढी चांगली न्हाई मी."

"सांगीन," तो म्हणाला. आवाजात तोच अडखळा. "लपवणार न्हाई."

"मग विचारा."

"काय?"

"आठ तारखेला जे विचारणार होतात ते!"

तो हसला. सकाळपासून पहिल्यांदा. "आज? आज तर पहिलाच दिवस हाय माझा, मैत्रेयी. कोण देतंय पहिल्या दिवशी पोरगी?"

"अप्पा देतील का ते त्यांना विचार," मी मिक्सरच्या वरताण आवाज चढवत ओरडले, "मला तू पाहिजेस, पहिल्या दिवशीचाच पाहिजेस!"

आणि नेमका त्याच वेळी आईनं मिक्सर बंद केला. माझं वाक्य स्वयंपाकघरात गेलं, अंगणात गेलं, कुंपणापलीकडे गल्लीतही गेलं. आई झाकण हातात धरून दारात आली. अक्का तोंडावर पदर घेऊन हसत होती. अंगणात अप्पांच्या हातातला तांब्या तिरपा झाला होता आणि पाणी त्यांच्याच पायावर पडत होतं.

"ऐकलं का वो," आई म्हणाली, "तुमच्या पोरीनं व्हकार दिलाय."

"मला विचारायलीस कामून? सगळ्या नौबादनं ऐकलंय," अप्पा तिकडूनच म्हणाले. "त्या पोराला म्हणावं, जेवून जा. चटणी ताजी हाय."