हाताचं मशीन

सलील गिरिजाच्या प्रेमात पडला तो पुढे. आधी तिचं मशीन त्याच्या पायावर पडलं.

आयर्लंडमधल्या एनिस गावातली नोव्हेंबरची दुपार होती. दुपार म्हणायची ती घड्याळ बघून, कारण आभाळ सकाळी जे खाली उतरलं होतं ते वर जायचं नाव घेत नव्हतं. पाऊस धड पडतही नव्हता, धड थांबतही नव्हता. गिरिजा जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून एक लाकडी पेटी उचलून बाहेर आली. पेटीत जुनं शिवणाचं मशीन होतं, काळं, ओतीव लोखंडाचं, अंगावर पुसट सोनेरी वेलबुट्टी असलेलं. ह्या जुन्या पेट्यांची एक गंमत असते. मूठ असते झाकणाला आणि वजन असतं तळाला; मधली कडी झिजली की झाकण हातात राहतं आणि मशीन आपल्या वाटेने जातं.

तसंच झालं. समोरून एक माणूस टोपी खाली ओढून चालला होता, मशीन थेट त्याच्या बुटावर.

"आई गं!"

"सॉरी, सो सॉरी..." म्हणत वाकलेली गिरिजा तशीच थबकली. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून ह्या गावात तो शब्द कुणी मोठ्याने उच्चारला नव्हता, तिने स्वतःही नाही. तिला काही कळायच्या आत डोळे भरले आणि भर फुटपाथवर ती चक्क रडायला लागली.

"अहो, अहो... मला लागलेलं नाही," माणूस गडबडला. "कारखान्यातले बूट आहेत, पुढे लोखंड असतं. मी उगाचच ओरडलो."

"खरंच लागलं नाही?"

"म्हणजे... थोडंसं लागलं," तिचा चेहरा बघत तो म्हणाला. "तुम्हाला काय बरं वाटेल? लागलेलं की न लागलेलं?"

रडता रडता ती हसली. मग त्याने नाव सांगितलं, सलील. मुंबईचा, पण इथे इतकी वर्षं काढलेला की छत्री वापरणं सोडून दिलेलं. त्याने मशीन उचललं, पुसलं, चाक फिरवून पाहिलं. चाक हललं नाही.

"गेलं का?" तिने विचारलं.

"छे. गोठलंय फक्त. आतलं तेल वर्षानुवर्षं वाळून डिंकासारखं झालं असणार. माझ्याकडे द्या आठवडाभर. जुनी यंत्रं सुधारायची, हा एवढाच एक नाद आहे मला. रविवारी घरी या घ्यायला."

गिरिजा शॅननजवळच्या कारखान्यात होती. हृदयात घालायच्या नळ्या तिथे बनत. दिवसभर पांढरा पोशाख, तोंडावर मास्क, हातात हातमोजे. उघड्या बोटांनी कशाला म्हणून शिवायचं नाही. घरी आली की फ्लॅटमध्ये कुणी नाही. आणि कपाटात आईच्या सुती साड्या. नागपूरहून परतताना तिने त्या बॅगेत भरून आणल्या होत्या, गोधडी शिवायची म्हणून. आई शेवटचं आजारी होती तेव्हा ही वेळेवर पोचली नव्हती. विमान उतरलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. साड्यांना मात्र अजून कात्री लागली नव्हती. काढायची, हुंगायची, परत ठेवायची, एवढंच चालायचं.

रविवारी ती गेली तेव्हा सलीलच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मशीन सुटं होऊन पडलं होतं. त्याने रॉकेलने एकेक सांधा धुतला होता. सुईखालच्या पत्र्याच्या आत जुन्या कापडाची लव दाबून बसली होती, हिरवीगार.

"कुणाचा तरी कोट असेल," तो म्हणाला. "शिवणाऱ्या बाई कधीच्या गेल्या असतील, लव राहिली. ... तेलाची कुपी देता का? प्रेसमध्ये आहे."

गिरिजाने इस्त्रीच्या आजूबाजूला शोध शोध शोधलं.

"तिथे काय करताय? प्रेसमध्ये, प्रेसमध्ये! कपाटात हो. इथे कपाटाला प्रेस म्हणतात."

"इथे म्हणतात ते ठीक आहे. पण आपण मराठीत बोलत होतो ना?"

"सवय झाली," तो ओशाळला. खरंच झाली होती. दर दोन वाक्यांनी इथल्यासारखं 'ग्रँड' म्हणायचा, बॉसला 'युअर मॅन' म्हणायचा. निम्मा आयरिश झालाय हा, असं गिरिजाने मनाशी ठरवून टाकलं. हे ठरवणं पुढे तिला महागात पडायचं होतं.

मशीन एका रविवारात दुरुस्त झालं असतं. सलीलने ते बरेच रविवार पुरवलं. तेलाचा थेंब घालायचा, चाक फिरवायचं, पुन्हा थेंब. खालच्या दोऱ्याचं होडीसारखं छोटं शटल कसं बसवायचं, शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोरे बोटात का धरायचे, हे सांगता सांगता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"टेन्शन जास्त झालंय, सैल कर," तो म्हणायचा.

"माझं की मशीनचं?"

"तुझं. मशीनचं मी केलंय."

मशीन हाताने फिरवायचं होतं. एक हात चाकाच्या दांड्याला गुंतला की कापड धरायला एकच हात उरायचा. गिरिजाची शिवण नागमोडी जायची. मग सलील शेजारी बसून दांडा फिरवायचा आणि ती दोन्ही हातांनी कापड सारायची. तेव्हा शिवण सरळ यायची. बाहेर चारलाच अंधार पडायचा, खिडकीवर पावसाची बारीक टिपटिप असायची आणि त्याचं कोपर तिच्या कोपराला लागायचं. दोघंही कोपर हलवायचे नाहीत. बोलायचं मात्र कुणी नाव घेत नव्हतं.

अशात बाबांचा फोन आला. नागपूरच्या त्या घरात आता ते एकटेच होते.

"गिरिजा, कशासाठी राहतेस गं तिथे? ये ना परत. कुणी आहे का तिथे आपलं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर तिला हवं होतं, त्यांच्यापेक्षा जास्त. आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. विधी बाबा करणार होते. हिने त्या दिवशी आई करायची तसा वडाभात करायचा आणि पहिल्या साडीला कात्री लावायची असं योजलं होतं. ते एकटीने होणार नाही हे तिला ठाऊक होतं. सलील आला तर राहायचं. नाही आला तर बाबांना हो म्हणायचं.

"शनिवारी आईचं वर्षश्राद्ध आहे," दोरा ओवता ओवता ती म्हणाली. सुईचं भोक आज सापडतच नव्हतं. "जेवायला येशील? वडाभात करणार आहे. मला... कुणीतरी जवळ असलं तर बरं वाटेल."

सलीलच्या हातातला दांडा थांबला. त्याने खिडकीकडे पाहिलं आणि इंग्रजीतच म्हणाला, "आय विल, या."

गिरिजाला कारखान्यातली ओर्ला आठवली. गेल्याच आठवड्यात कँटीनमध्ये ओर्ला, तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी, खिदळत सांगत होती, सुपरवायझरने शनिवारी जादा कामाला येशील का विचारलं, मी म्हटलं 'आय विल, या.' मग गेली होतीस का, असं गिरिजाने भाबडेपणाने विचारलं तेव्हा सगळं टेबल हसलं होतं. अगं, इथे त्याचा अर्थ मेले तरी येणार नाही!

हात दाखवून अवलक्षण. तिने दोरा ओवला, घरी काम असल्याचं काहीतरी सांगितलं, मशीन पेटीत घातलं आणि टॅक्सी बोलावून निघाली. "आत्ता तर आलीस," असं तो म्हणाला ते तिने ऐकलंही नाही.

शनिवारी तिने वडाभात केला नाही. फोन बंद करून ती बसने लाहिंचला गेली आणि दिवसभर समुद्रासमोर बसून राहिली. वारा इतका होता की रडलेलंही कुणाला कळलं नसतं. संध्याकाळी घरी येऊन तिने बाबांना फोन लावला.

"येते मी, बाबा."

"कायमची?"

"हो."

बाबांना आनंद झाला. तो ऐकताना तिला आपल्या आवाजाची लाज वाटली.

मशीन विमानात नेण्यासारखं नव्हतं. ज्याने जिवंत केलं त्याच्याकडेच ठेवावं म्हणून रविवारी तिने पेटी काढली. कडीवर आता तिचा विश्वास नव्हता. पेटीला आवळून बांधायला घरात दोरी मिळेना, तेव्हा तिने कपाटातून आईची विटकी निळी साडी काढली, पेटीभोवती दोन वेढे घेतले आणि घट्ट गाठ मारली.

सलीलने दार उघडलं तेव्हा गळ्यात मफलर होता आणि नाक लाल.

"हे तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली. "मी परत चाललेय. नागपूरला. येते मी."

त्याने पेटी हातात घेतली नाही. मग बसक्या आवाजात म्हणाला, "जायचंय तर जा. पण मला जेवायला बोलावून घराला कुलूप का लावलंस?"

"काय?"

"तासभर पावसात उभा होतो तुझ्या दारात. वडाभात खायचा म्हणून सकाळपासून उपाशी. शेवटी शेजारची बाई म्हणाली, बसने कुठेतरी गेली. फोन बंद. म्हटलं, नकोय तिला आपण यायला."

"तू... आला होतास? तू तर 'आय विल, या' म्हणालास!"

"मग? येईन, हो!"

"त्याचा अर्थ येणार नाही!"

"इथल्या लोकांचा!" सलील ओरडला आणि खोकत सुटला. "मी इथला आहे का? गिरिजा, तोंडाला कोरड पडली होती माझी. मनात 'येईन, हो' म्हणालो आणि तोंडातून ते बाहेर पडलं. तुझ्याशी बोलताना माझी धड एकही भाषा चालत नाही. दुरुस्तीला एवढे रविवार कधी लागतात का? तेवढ्यात मी अख्खं मशीन नवीन घडवलं असतं."

गिरिजा उंबऱ्यातच बसली. काल दिवसभर जे वाऱ्यात उडून गेलं होतं ते आता खरं रडू आलं. आईपाशी ती वेळेवर पोचली नव्हती. आणि काल कुणीतरी तिच्याकडे वेळेवर पोचलं होतं, तर तीच घरात नव्हती. सलील शेजारी बसला. दारातून पाऊस दोघांच्या पायांवर येत होता.

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "मशीन नको. ते घेऊन जा कुठे जायचं तिथे."

तिने डोळे पुसले. पेटी आत नेली, साडीची गाठ सोडली. साडी टेबलावर पसरली, एकदा हुंगली आणि कात्री उचलली. सलीलने साडीचं दुसरं टोक ताणून धरलं. पहिला काप गेला तेव्हा कापडाचा एवढासा आवाज झाला. गिरिजाने दुसरा काप घेतला.

"बाबांना काय सांगशील?" त्याने विचारलं.

"येते म्हणालेय, तर जाणार. गोधडी घेऊन. त्यांच्यासाठीच शिवायची आता. काही दिवस राहीन, त्यांना इकडे घेऊन येता येतं का बघेन. कुणी आहे का आपलं तिथे, असं विचारत होते. तेही सांगायचंय."

सलीलने मशीन जवळ ओढलं. दांड्यावर हात ठेवला, पण फिरवला नाही.

"आणि मग... इथे राहशील? माझ्याजवळ?"

गिरिजाने दोन्ही हातांनी निळं कापड सुईखाली सारलं. वर न बघताच म्हणाली, "आय विल, या."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तिने तो क्षणभर तसाच राहू दिला. कालच्या दिवसाचं एवढं उट्टं काढायचा तिला हक्क होता.

"मराठीत म्हणतेय रे, वेड्या," ती म्हणाली. "फिरव आता."