पुसलेलं बटण

सोमवारी सकाळी साडेनऊला देवरावच्या पोह्यांच्या गाडीवर एका माणसाने पोह्यांवर तर्रीचा लाल रस्सा नको म्हटलं, आणि रांगेतले चौघे वळून त्याच्याकडे पाहू लागले.

"काहून गा भाऊ, पोटाचं काही आहे काय?" देवरावने काळजीने विचारलं.

"नाही, मला तिखट सोसत नाही."

"मग पोहे घरीच खायचे होते," मागून आवाज आला.

तो वळला. मागे एक मुलगी उभी होती. हातात संत्र्यांची पिशवी, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, आणि ओठांत दाबून धरलेलं हसू.

"घर पुण्यात आहे," तो म्हणाला.

"तरीच..."

तासाभराने परसोडीच्या आयटी पार्कात वंदना मॅडमनी ओळख करून दिली. "उन्नती, हे केयूर. तुझी स्क्रिप्ट यांच्या टूलवर चढवायची आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत चालली तर ठीक. नाही तर ती बंद, पुण्याची टीम नवी लिहील."

उन्नतीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या शर्टावर तर्रीचा एक लाल थेंब होता. म्हणजे ती गेल्यावर त्याने मागून घेतली होती!

कंपनीचं काम शीतगृहांचं. विदर्भातल्या चाळीस शीतगृहांत एकेक छोटा सर्व्हर, तो आतल्या तापमानावर लक्ष ठेवतो. त्या सर्व्हरना नव्या सूचना पोचवणारी आज्ञांची फाइल, म्हणजे ही स्क्रिप्ट, उन्नतीने पाच वर्षं सांभाळली होती. दर सोमवारी ती मौदा, सावनेर, काटोल असं एकेक गाव घेत हाताने चालवायची. केयूरचं टूल तेच काम चाळीस ठिकाणी एका दमात करणार होतं.

करणार होतं... पण करेना. टूलमधून सोडली की स्क्रिप्ट निम्म्यात जाऊन गप्प बसायची. चूक सांगायची नाही, पुढेही जायची नाही. तीच स्क्रिप्ट उन्नतीने हाताने चालवली की मिनिटात पार.

"माझ्या हाताने चालते," मंगळवारी ती म्हणाली. "तुमच्या टूलला नागपूरचं पाणी मानवून नाही राहिलं."

"मलाही मानवत नव्हतं. आज तर्री दोनदा घेतली."

"डोळ्यांवरून दिसून राहिलं. अजून लाल आहेत."

दोघांच्या खुर्च्या शेजारी. मध्ये एक पेपर, त्यावर संत्र्यांची सालं. संत्री खाप्याची, तिच्या बाबांच्या बागेतली. सोलताना ती पांढरा धागा न् धागा काढायची आणि अर्धं संत्रं न विचारता त्याच्यापुढे सरकवायची. दिवसभर तिच्या बोटांना तो वास असायचा.

बुधवारी दुपारी तो म्हणाला, "एकदा पहिल्यापासून हाताने करून दाखवा. सावकाश."

तिने केलं.

"परत एकदा."

तिसऱ्या वेळी तिला वाटलं, हा पडद्याकडे बघतच नाही. हा माझ्या हाताकडे बघतोय... तिचे कान तापले.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर फेब्रुवारीत यायला नको होते तसे ढग आले होते.

सहा वाजता उन्नती वंदना मॅडमच्या केबिनमध्ये गेली. "टाकून द्या माझी स्क्रिप्ट," ती म्हणाली. "माझ्याच्याने नाही होऊन राहिलं." दुचाकीवरून घरी जाताना अंगावर टपोरे थेंब पडले. ती आडोशाला थांबली नाही.

गुरुवारी सकाळी नऊला केयूर तिच्या आधी हजर होता.

"कीबोर्ड बघा तुमचा."

"काय बघू?"

"वाय कुठे आहे?"

तिने पाहिलं. सगळ्या बटणांवर अक्षरं होती. वायचं तेवढं कोरं, घासून गुळगुळीत.

"तुमची स्क्रिप्ट वाटेत एका जुन्या फाइलला हाक मारते," तो सांगू लागला. "ती फाइल विचारते, आधीच्या सूचना पुसू का? तुम्ही वाय दाबता, म्हणजे 'येस'. प्रश्न पडद्यावर उमटायच्या आधीच. पाच वर्षांची सवय, तुम्हाला कळतही नाही. टूलच्या शेजारी असं दाबणारं कोणी नसतं. म्हणून ती बिचारी वाट बघत बसते."

एका ओळीची दुरुस्ती: 'येस' आता स्क्रिप्टनेच द्यायचं. पावणेदहाला टूलच्या पडद्यावर चाळीसच्या चाळीस शीतगृहांची नावं हिरवी झाली. उन्नतीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग ती अहवाल भरायला बसली. वेळ अचूक लिहावी म्हणून तिने टूलची नोंदवही उघडली, आणि तिचा हात थांबला.

"बुधवारी चार चाळीसला मौद्याच्या सर्व्हरवर स्क्रिप्ट कोणी चालवली?"

त्याने खुर्ची जराशी मागे घेतली.

"हीच दुरुस्ती लावून. चालली, अन् मग काढून टाकली. कोणी?"

"मी."

"मी सहा वाजता मॅडमला सांगून आली, टाकून द्या म्हणून!"

"ते मला आज सकाळी मॅडमकडून कळलं. तसाच धावत आलो..."

"काहून पण? एक शब्द तर सांगायचा होता!"

"सांगितलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. रात्रीच्या विमानाने परत बोलावलं असतं मला. एक दिवस हवा होता. चुकलं माझं."

दुपारी तिने अख्खं संत्रं एकटीने खाल्लं.

शुक्रवारी सकाळी वंदना मॅडम तिच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "स्क्रिप्ट राहतेय तुझी. पण एक सांग. केयूरने पाठवलेल्या अहवालात एक तांत्रिक शब्द आहे, तो मला नवा आहे."

उन्नतीने अहवाल उघडला. दोष सापडला: बुधवार, ४.४०. सांगितला: गुरुवार, ९.१०. विलंबाला जबाबदार: केयूर. उन्नतीची चूक नाही. विलंबाचं कारण: शेजारची खुर्ची.

"पुण्यात त्याला बोलणी बसतील," मॅडम म्हणाल्या आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघत निघून गेल्या.

चार वाजता तो बॅग घेऊन आला. विमान सहाचं. तो वाकला, आणि तिच्या पडद्यावर त्याने एक ओळ टाइप केली.

'तिकीट पुढे ढकलून रविवारी तुमची बाग बघायला थांबू का? हो असेल तर वाय.'

ओळीच्या शेवटी कर्सर लुकलुकू लागला. तिचं बोट सवयीने निघालं... आणि बटणाच्या वर अधांतरी थांबलं.

"थांब ना गा," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'तुम्ही' गळून पडलं होतं. "या वेळी प्रश्न वाचू दे."

तिने वाचला. पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, धागे काढले. अर्धं त्याच्यापुढे सरकवलं. पुन्हा वाचला.

"अजून किती वेळ?" त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"तुझं टूल किती वेळ वाट बघत होतं?"

"उत्तर मिळेपर्यंत."

"मग?"

तो खुर्चीत बसला. शेजारच्या.

तिने ओळ तिसऱ्यांदा वाचली, शेवटच्या शब्दापर्यंत. मग संत्र्याने ओलं झालेलं बोट कोऱ्या बटणावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत, सावकाश दाबलं.