साक्षीला कुणी मिळालं का?

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

गेल्या मार्गशीर्षात, भुकूममध्ये, पौड रस्त्याच्या जरा आतल्या अंगाला एका तिन्हीसांजेला हे घडलं. जिच्या घरी घडलं ती रजनी माझ्या चांगल्या ओळखीची.

रजनीचा नवरा जयसिंग तरुणपणीच गेला. मूलबाळ नव्हतं. तरी ती माहेरी परतली नाही. सासूचं, तुळजाबाईंचं, हागणं-मुतणंसुद्धा तिनेच काढलं. धाकटा दीर किशोर हिंजवडीकडे राहायचा, सणावाराला तोंड दाखवायचा.

घर तुळजाबाईंच्या नावावर होतं. नवऱ्याचा वाटा आपल्याला मिळेलच, असं रजनी धरून चालली होती. वकिलांनी सांगितलं तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली. जागा सासूची, मुलगा आधी गेलेला, मागे मूल नाही... अशा सुनेला वारस धरत नाहीत. मृत्युपत्र करा, म्हणाले. दोन साक्षीदारांच्या देखत.

मागच्या दोन खोल्या रजनीला, असा कागद तयार झाला. पण शेजाऱ्यांना बोलवायचं म्हटल्यावर म्हातारी अडून बसली.

"घरातलं गावाला कशापायी दाखवायचं? अंगठा माझा हाय न्हवं? बास झालं."

दार लावून घेऊन त्यांनी अंगठा उमटवला. थोड्याच दिवसांत त्या गेल्या. साक्षीदारांवाचून त्या कागदाला काडीची किंमत नव्हती. किशोरने तर तेराव्याच्या आधीच अख्ख्या घराचा इसार घेतला होता.

तेराव्याची माणसं पांगली. रजनी पिशवीत लुगडी भरत होती. किशोर बाहेरच्या खोलीत बसला होता.

शेजारची रंभाबाई दारात आली. मला का बोलावलंस, म्हणून विचारू लागली.

रजनीने कुणालाच बोलावलं नव्हतं.

रंभाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "माझी कडी वाजली गं. तुझ्या सासूचा आवाज हुता... साक्षीला ये म्हनली."

तेवढ्यात समोरचा माऊली आला. हात खरकटाच. त्यालाही तेच ऐकू आलं होतं.



आतल्या खोलीत म्हातारीची खाट करकरली...

खाट तर सकाळीच देऊन टाकली होती.

चौघं आत गेले. खोली रिकामी. कोनाड्यात तो कागद होता. जुन्या अंगठ्याशेजारी आणखी एक अंगठा...

ओला.

रंभाबाई रडायला लागली. माऊली किशोरकडे वळला. "आमी दोगांनी बघितलं, किशोर. आता तरी वहिनीला ऱ्हाऊ दे."

किशोरने कागद उचलून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः कागद घेऊन वकिलांकडे गेला, एवढं त्याचं कबूल करायला हवं. पण मेलेल्या माणसाचा अंगठा कोण मानणार? आणि इसार परत करावा, तर ते पैसे किशोर खर्चून बसला होता. रजनीला जवळच्या चांदे गावात, भावाकडे जावंच लागलं.

पहिल्याच तिन्हीसांजेला भावाच्या दाराची कडी वाजली...

रजनीने उघडलं. कुणी नाही.

लावलं. पुन्हा वाजली. मग दाराबाहेरून एक दमलेला आवाज आला.

"रजने... साक्षीला कुणी मिळालं का गं?"

जन्मभर जिने घरातलं उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही, ती म्हातारी आता दारोदार फिरत होती. रजनीला भीती नाही वाटली. 

तिने बंद दाराला कपाळ टेकवलं.

"मिळालं, आत्याबाई. दोगांनी सह्या केल्या. खोल्या माझ्या झाल्या. तुमी आता घरी जाऊन निजा."

मग कुणीतरी पाय ओढत अंगण ओलांडून गेलं...

त्यानंतर कडी वाजली नाही.

महिन्याभरात भुकूमचं घर पाडलं. आता तिथे पत्र्याचं कुंपण आहे, आत नुसता खड्डा.

परवा रजनी भेटली. "मीच त्यांना घरी धाडलं," ती म्हणाली. "आता कुटं निजत असतील?"

त्या रस्त्याने मी आता दिवेलागणीला जात नाही.