टपाचा पट्टा

मोटर घ्यायची तर उघड्या टपाची, चार माणसं बसणारी आणि आपल्या ऐपतीतली, असं दिनानाथ मास्तरांनी जाहीर केलं, तेव्हा अलिबागच्या बाजारात लोकांची चांगलीच करमणूक झाली. शाळेत विज्ञान शिकवणारा, सायकलवरून फिरणारा माणूस, त्याला हे कुठले भिकेचे डोहाळे? "मास्तर, सिनेमात जाणार काय?" असंही कुणी विचारलं. विचारोत बापडे. मास्तरांच्या बायकोला, कोकिळेला, दमा होता. सर्व्हिस मोटरच्या बंद डब्यात बसवली की पेट्रोलच्या वासानं तिचा जीव घुसमटायचा. एकदा तर आक्षीच्या पुलाशी मोटर थांबवून तिला खाली उतरवावं लागलं होतं. रोज मोकळ्या हवेत न्या पण चालवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून टप उघडणारा हवा. मागच्या सीटवर ती उशीला टेकून बसणार, शेजारी तिला धरायला मास्तरांच्या आई येसूबाई, म्हणून मोटर चारजणांची. यात हसण्यासारखं काय होतं ते हसणाऱ्यांनाच ठाऊक.

कोकिळेच्या श्वासाला एक शीळ होती, आणि श्वास संपता संपता ती दोनदा अडकायची. पलीकडच्या खोलीत वह्या तपासताना मास्तरांचा एक कान त्या शिळेकडे असे. ती अडकली की हातातलं लाल पेन थांबायचं, सुटली की पुढे चालायचं. अशी सहा वर्षं गेली होती.

मोटर शोधायला बरोबर अब्दुस्समद होता. रेवदंड्याच्या सर्व्हिस मोटरवरचा हा ड्रायव्हर मास्तरांचा जुना स्नेही, आणि गाडी चालवायला त्यानंच त्यांना शिकवलं होतं. पहिली मोटर पाहिली ती पनवेलला. रंग असा की नवी नवरी लाजावी! समदभाईनं खाली वाकून तळाच्या पत्र्यात अंगठा दाबला, तर अंगठा आरपार. "वरून कीर्तन, आतून तमाशा," तो म्हणाला. दुसरी थळला होती. मालक शपथेवर सांगत होता की चारजणांची आहे, पण त्यातल्या दोघांनी मागची डिकी उघडून तिच्यात बसायचं होतं. दमेकरी बाईला डिकीत बसवा म्हणणाऱ्या त्या शहाण्याला काय बोलावं?

तिसरी नागावला मिळाली. ही मोटर मुंबईच्या एका सॉलिसिटरची होती. स्वराज्य आलं तसे साहेब बंगला विकून विलायतेला गेले आणि गाडी त्यांच्या ड्रायव्हरला, रावजीला, देऊन गेले. रावजी जातीचा शेतकरी. त्यानं मोटर गोठ्यात, बैलांच्या शेजारी उभी केली होती. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, गाडी चालवणं संपलं होतं, म्हणून विकायची.

मास्तरांनी शास्त्रशुद्ध तपासणी केली. आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंडगार असल्याची खात्री केली. गिऱ्हाईक यायच्या आत गाडी गरम करून ठेवणारे लबाड त्यांना माहीत होते. मग तळाचा पत्रा, ब्रेक, टपाची कापडी घडी, सगळं पाहिलं. गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता. समुद्र हाकेवर, खारा वारा माणसाच्या पेटीतल्या सुया खातो, आणि हा पत्रा लखलखीत!

"काय लावता हो हिला?" मास्तरांनी विचारलं.

"काय न्हाय," रावजी म्हणाला. "जनी बसते तिच्यात दुपारची. तांदूळ निवडते."

मास्तरांनी मागच्या सीटवर हात टेकला. गादी उबदार होती. तेवढ्यात रावजीची बायको जनी डोक्यावर पाण्याची कळशी आणि काखेत दुसरी घेऊन वाडीतून आली. साठीची बाई, पण खणखणीत. कळशा उतरवून ती मिश्रीचे काळे दात दाखवत मोठ्यानं हसली आणि म्हणाली, "घ्या मास्तर. बाय आमची गुनाची हाय."

इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झालं. सौदा ठरला, हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. आणि निघायच्या वेळी रावजीनं हातानं चाचपत टपाच्या घडीला बांधलेला चामड्याचा पट्टा सोडला आणि आपल्या खांद्यावर टाकला.

"अहो, तो पट्टा?"

"त्यो न्हाय मिळायचा, मास्तर. बैल इकला तरी दावं इकत न्हाय आपन. दाव्यासंगती घरचं बळ बी निगून जातं."

मास्तरांचं टाळकं सणकलं. पट्ट्याशिवाय टप वाऱ्यानं उडणार, पुन्हा पुन्हा मिटावा लागणार, आणि मागे बसणार दमेकरी बाई. "बैल कुठे आणि मोटर कुठे, रावजी! सौदा अख्ख्या गाडीचा झालाय." समदभाईनं त्यांची बाही ओढली. "राहू द्या ना. चांभाराकडून दुसरा करून घेऊ." पण शास्त्र शिकवणाऱ्या माणसानं असल्या खुळ्या समजुतीपुढे मान तुकवायची? मास्तर हटून बसले.

शेवटी जनीच पुढे झाली. "द्या वो त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. "बाईमानूस आजारी हाय त्यांच्या घरात." तिनं पट्टा रावजीच्या खांद्यावरून काढला आणि स्वतःच्या हातानं टपाला बांधला.  रावजी गोठ्यात जाऊन गाडीच्या मोकळ्या जागेत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर कोकिळेला आणि आईला घेऊन निघाले. आक्षीपर्यंत शीळ चालू होती. पूल आला आणि मागे एकदम शांत झालं. मास्तरांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबवून त्यांनी मागे पाहिलं, तर कोकिळा हसत होती.

"अहो, बघा ना," ती म्हणाली. "छाती मोकळी झाली."

येसूबाईंनी तिथल्या तिथे देवाला हात जोडले. मास्तरांना रडू आवरेना. रस्त्यात उभं राहून, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत, ते वेड्यासारखे हसले.

शीळ परत आली नाही. कोकिळा जिना चढू लागली, विहिरीवरून पाणी आणू लागली. डॉक्टर म्हणाले, समुद्राच्या हवेचा गुण. मास्तरांनाही ते पटलं. पण वह्या तपासताना आता पेन पुढे सरकेना. पलीकडच्या खोलीत काही ऐकूच येत नव्हतं, आणि ते सारखे उठून बघून येत. कोकिळा तिथेच असे, तांदूळ निवडत. पूर्वी तिला या कामाचा भारी कंटाळा होता.

एकदा तिनं सासूबाईंकडे मिश्री मागितली. येसूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, आपल्या घरात कुणी तंबाखूला शिवलंय का?" कोकिळा गोंधळली आणि आपल्या बोटाकडे पाहत राहिली. आणखी एकदा मास्तरांनी तिला हाक मारली, तर तिनं दुसऱ्या हाकेलाही ओ दिली नाही. तिसऱ्या हाकेला "व्हय" म्हणाली.

मास्तरांना चैन पडेना. रावजीला बातमी सांगावी, जनीला एक लुगडं द्यावं, असं मनाला समजावत एका रविवारी सकाळी ते एकटेच मोटर घेऊन नागावला गेले.

अंगणात गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, आणि त्यांना शीळ ऐकू आली.

तीच. श्वास संपता संपता दोनदा अडकणारी. सहा वर्षं ऐकलेला आवाज माणूस चुकेल कसा? पडवीत जनी गुडघ्यांवर हात रोवून, तोंड उघडं टाकून बसली होती. तिनं मास्तरांकडे पाहिलं. बोलायला तिच्यात श्वास नव्हता.

"गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं," रावजी म्हणाला. "सांजच्याला बसली, ती अशी." मग त्यानं आवाजाच्या रोखानं हात जोडले. "गाडी राहू द्या मास्तर तुमाला. पट्टा तेवढा द्या."

पट्टा मास्तरांच्या पाठीमागे, दहा पावलांवर, टपाला बांधलेला होता. रावजीला तो दिसत नव्हता.

मास्तरांना कोकिळा आठवली. कळशी घेऊन पायऱ्या चढणारी.

"पट्टा घरी राहिला," ते म्हणाले. "उद्या आणून देतो."

जनी पट्ट्याकडेच बघत होती. तिनं मान खाली घातली.

मास्तर घरी आले. मनात म्हणाले, चामड्याचा तुकडा तो, त्यानं कुणाला दमा होतो का? असं विद्यार्थ्यानं लिहिलं असतं तर शून्य दिलं असतं. इतकं पक्कं ठाऊक असताना मग देऊन का टाकला नाही? त्याचं उत्तर त्यांच्यापाशी होतं, आणि त्या उत्तराची त्यांना लाज वाटत होती. उद्या गेला, परवा गेला. लुगडं तसंच घडीत पडून राहिलं.

मग समदभाई सांगत आला, की नागावची जनी गेली.

त्या दिवशी घरात सुतक नव्हतं, पण मास्तर भरल्या ताटावरून उठले. कोकिळा पोटभर जेवली आणि आडवी झाली. तिची छाती संथ वरखाली होत होती.

बारावं-तेरावं उरकलं असेल. भर दुपारी रावजी काठी टेकत दारात आला. येसूबाई देवळात पुराणाला गेल्या होत्या. मास्तर ताडकन उठले, अंगणात गेले, टपाचा पट्टा सोडला आणि त्याच्या पुढ्यात धरला.

"घ्या, रावजी. चुकलो मी."

रावजीनं चाचपून पट्टा ओळखला. परत त्यांच्या हातात दिला.

"आता कशाला बांधू?" तो म्हणाला. "बसू द्या जरा सावलीला. मग जातो."

तो ओटीच्या कडेला टेकला. आत कोकिळा तांदूळ निवडत होती. घरात दुसरा आवाज नव्हता. रावजीनं मान तिरकी केली, डोळे मिटले, आणि तो नुसता ऐकत राहिला.

सुपाचा आवाज थांबला.

कोकिळा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. रावजीला तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ती सरळ त्याच्यापाशी बसली, तांब्या त्याच्या हाताला लावला, आणि पदराच्या टोकानं त्याचे पाणावलेले डोळे पुसले.

"लई उशीर केलात," ती म्हणाली.

मग तिचं लक्ष मास्तरांकडे गेलं. तिनं घाईनं डोक्यावर पदर ओढून घेतला आणि हलक्या आवाजात रावजीला विचारलं,

"ह्ये पावनं कोन? त्यांना पानी दिलं का कुनी?"