झेपेलिन थांबले तेव्हा

"अजी, हे गाणं आहे का भांडण?" दीपमाला ओरडली.

तिच्या हातातल्या नव्या स्पीकरमधून ढोलताशांपेक्षा मोठा कल्लोळ उसळत होता. समोरचं गिऱ्हाईक मात्र डोळे मिटून मान डोलावत होतं.

त्यानं डोळे उघडले. हसला. "लेड झेपेलिन. जगातला सगळ्यात मोठा बँड."

"कोण म्हणते?"

"मी म्हणतो."

कारंजा घाडग्याला हायवेलगत बंडूजींचं गाड्यांच्या स्पीकरचं दुकान. त्यांचे गुडघे धरल्यापासून ही लेकच ते सांभाळत होती. गिऱ्हाईक म्हणजे अच्युत, वर्ध्याचा, इथल्या कॉलेजात नवीनच आलेला फिजिक्सचा मास्तर. स्पीकर बसवून तो गेला... आणि शनिवारी परत आला. मग दर शनिवारी येऊ लागला. दरवेळी बँडच्या मोठेपणाचं एक नवं कारण घेऊन.

"चारच माणसं आहेत, पण ऐका, डोंगर चालून आल्यासारखं वाटतं."

"आमच्या इथलं भजनी मंडळ याच्यापेक्षा जोरात वाजवते," ती म्हणायची. पण घरी पोळ्या लाटताना बेलणं त्याच ठेक्यावर चालायचं. तिला कळेना – आपल्याला गाणं आवडायला लागलंय, की त्याचे मिटलेले डोळे? आणि हा तरी गाण्यासाठी येतो, की...?

संत्र्यांच्या हंगामात, रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना, तो एकदम म्हणाला, "खरं कारण सांगू? त्यांचा ड्रमर वारला आणि त्यांनी बँडच बंद केला. त्याच्या जागी दुसरा आणला नाही. याला म्हणतात मोठेपण."

त्याचा आवाज काहीतरी वेगळाच लागला होता.

"तुमचं कोण गेलं?" तिनं विचारलं.

तो बाहेर बघत राहिला. "इला. कॉलेजात शिकताना आमच्या बँडमध्ये ड्रम वाजवायची. गेली म्हणजे... लग्न करून कॅनडात. त्यानंतर मी गिटारला हात लावला नाही."

दीपमालाला राग आला. कोणाचा, ते समजेना. ही इला आपली कोण? मग डोळे काऊन भरून राह्यले? त्या दिवशी तिनं एका ट्रकवाल्याला चुकीची वायर दिली, आणि रिकामा वेळ मिळाला तशी मोबाइलवर त्या बँडची सगळी जन्मकुंडली काढून वाचली.

पुढच्या शनिवारी तो दारात दिसताच ती म्हणाली, "तुमी मले अर्धंच सांगतलं. ते परत वाजवायले आले होते. लंडनले, दोन हजार सातमधी. ड्रमवर कोण होतं?"

तो हळूच म्हणाला, "त्या ड्रमरचाच मुलगा."

"मंग हे काऊन लपवलं?"

"लपवलं नाही... मला आठवायचंच नव्हतं."

"मी पाह्यलं ते. गिटारवाल्याचे सारे केस पांढरे. तरी वाजवून राह्यला! मले तर तवाच ते मोठे वाटले. थांबले म्हणून नाई."

तो निघून गेला. पुढचा शनिवार कोरडा गेला. त्यापुढचाही. आपलं चुकलं, असं तिला सकाळी वाटे. दुपारी वाटे, बरंच झालं. आणि संध्याकाळी प्रत्येक गाडीच्या आवाजाला तिची मान वर होई.

मग एका दुपारी तो आला. पाठीवर गिटार. काही न विचारता त्यानं गिटारची वायर स्पीकरला जोडली आणि स्टुलावर बसला. बोटं अडखळत होती, सूर घसरत होते... तरी तो थांबला नाही.

"हे झेपेलिनचं नाई," ती म्हणाली.

"नाही. माझं आहे. तुझ्यासाठी."

तुझ्यासाठी? ती ताठ उभी राहिली. "मी कोनाच्या रिकाम्या जागेवर नाई बसत."

"तुला कोण बसवतंय? तू तर पहिल्या दिवसापासून उभी राहून माझ्याशी भांडतेस." तो हसला, आणि लगेच घाबरल्यासारखा झाला. "दीपमाला... मला तू आवडतेस. तुझं काय ते सांग."

तिला हसू येत होतं, रडूही. बोटांना चाळा करायला ओढणीही त्या दिवशी नव्हती.

"अजून जरा जोरात वाजव," अखेर ती म्हणाली. "मांगं घरात बाबा हायेत. त्यायलेबी ऐकू जाऊ दे."